पुढचा शाफ्ट काढून पावसाळा काढला

पुढचा शाफ्ट काढल्यावर गाडी चालते का, असं विचारणाऱ्यांना आधी उत्तर देऊन टाकतो. चालते. माझी जुनी फोर-बाय-फोर डबल केबिन पिकअप पुढच्या प्रॉपेलर शाफ्टशिवाय, म्हणजे पुढच्या चाकांकडं जोर नेणाऱ्या दांड्याशिवाय, गगनबावड्याच्या पावसात फिरली, रोप लावणीपासून पार भात पोटरीला येईपर्यंत. गाडीनं काही त्रास दिला नाही. त्रास दिला तो पार्टच्या एका काउंटरनं, आणि तो राग अजून उतरलेला नाही म्हणून लिहायला बसलोय.

चाळीसच्या पुढं गेलं की खालनं कर्रकर्र आवाज यायचा आणि पायाखालचा पत्रा थरथरायचा. लिव्हर टू-एचला, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना, असतानासुद्धा. बऱ्याच जणांना वाटतं की टू-व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट गप्प पडून असतो. हबला फ्री-व्हील, म्हणजे चाक आतल्या दांड्यापासून सोडवायची सोय, असेल आणि ते सोडलेलं असेल तर असतो. माझ्या गाडीला ते नाही. त्यामुळं पुढची चाकं फिरली की डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणारा गोळा, फिरतं आणि ते शाफ्टला फरफटत फिरवतं. इंजिनाचा जोर नसला तरी शाफ्ट दिवसभर फिरतच असतो.

मिस्त्री गाडीखाली झोपले, शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळला. टक्. मग बॅटरी मारून मला खाली बोलावलं. क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातल्या लोखंडी फुलीच्या, टोपीच्या कडेनं विटेच्या रंगाची बारीक बुकी जमली होती. आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या की ही बुकी बाहेर येते. वाफ्यातनं, ओढ्यातनं गाडी जाते तिथं ग्रीस धुऊन निघतं, दुसरं काय.

"भावा, हा रस्त्यात तुटला तर पुढचं टोक डांबरात रुतंल. काढूया आजच. तोवर मागच्यावर चालीव."

काढण्यात काहीच नाही. चाकांना दगड लावले, दोन्ही टोकांचे चार-चार बोल्ट सोडले, शाफ्ट खाली. फक्त सोडायच्या आधी फ्लँजवर, म्हणजे बोल्ट लागतात त्या चकतीवर, आणि शाफ्ट लांब-आखूड होतो त्या सरकत्या जोडावर पांढऱ्या रंगाच्या खुणा करून घ्या. आणि दोन्ही टोकं सोडा. एक टोक तसंच ठेवून दुसरं तारेनं चेसीला बांधणारे महाभाग आमच्या तालुक्यात आहेत, त्यांच्या मागनं गाडी चालवू नका.

आता काउंटर. कोल्हापुरात कंपनीच्या पार्टचं मोठं दुकान, एसी, टोकन, सगळं. चेसी नंबर दिला. पोरानं कॉम्प्युटरात घातला आणि म्हणाला, "पुढचा क्रॉस सुटा येत नाही सर, अख्खी असेंब्ली घ्यावी लागेल." असेंब्लीची किंमत ऐकून मी म्हटलं, चार टोप्या आणि एका लोखंडी फुलीसाठी? मग आतनं सीनियर आले. त्यांनी त्याच कॉम्प्युटरात तोच नंबर घातला तर सुटा येत होता! "मागवावा लागेल. अॅडव्हान्स भरा, सोमवारी येतो."

कुठला सोमवार ते काही बोलले नाहीत. फोन केला की "ट्रान्झिटमध्ये आहे सर." पुन्हा केला की "ज्यांनी ऑर्डर घातली ते रजेवर आहेत." एकदा तर मलाच विचारलं की तुमची गाडी फोर-बाय-फोर आहे हे नक्की का! मला वाटतं खरी गोम तिथंच होती. या पिकअप बहुतेक टू-व्हीलच खपतात, पुढचा शाफ्टच नसतो त्यांना, मग पुढचा क्रॉस मागायला त्या काउंटरवर येणार कोण? पण मग तसं तोंडावर सांगा की. माणूस दुसरी वाट धरेल.

शेवटी त्यांचाच फोन आला, पार्ट आलाय. गगनबावडा ते कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर, वर पावसात कळे गावाच्या पुढं खड्डेच खड्डे. पोचलो, खोकं उघडलं, टोपी बघितली आणि कळलं. मागच्या शाफ्टचा क्रॉस. जुना क्रॉस पिशवीत नेला होता, तो काढून शेजारी ठेवला. आंधळ्यालाही हाताला कळावं इतका फरक. तर म्हणतात, "सिस्टीमला हाच दाखवतोय सर." सिस्टीमला दाखवत असेल, शाफ्टला बसत नाही त्याचं काय? पैसे परत मागितले तर क्रेडिट नोट पुढं केली, म्हणजे त्यांच्याकडनंच दुसरं काहीतरी घ्या. ती नोट अजून गाडीच्या कप्प्यात आहे. एअर फिल्टर घेऊन संपवीन म्हणतो.

तिथनंच मिस्त्रींना फोन लावला. ते हसले. "नंबर कशाला सांगत बसतोस? माप घे."

शिवाजी उद्यमनगरात नुसती प्रॉपेलर शाफ्टची कामं करणारं एक छोटं दुकान आहे. गल्ल्यावरच्या मामांनी जुना क्रॉस हातात घेतला, फडक्यानं पुसला, व्हर्निअर लावला. टोपी २७ मिलिमीटर. या टोपीपासून त्या टोपीपर्यंत ८१.७५. "लॉक आतनं का बाहेरनं?" म्हणजे टोपी अडवणारी कडी, सर्क्लिप, कुठं बसते. बाहेरनं, म्हटलं. मागच्या फळीवरनं खोकं काढलं, चहा यायच्या आत क्रॉस माझ्या हातात. चेसी नंबर नाही, टोकन नाही. म्हणून सांगतो, जुना क्रॉस फेकू नका आणि काउंटरवर जायच्या आधी ही तीन मापं कागदावर लिहून न्या.

मधल्या काळात गाडी कशी चालवली ते राहिलंच. रिकामी पिकअप मागं हलकी असते, ओल्या चढाला मागची चाकं जागेवर फिरतात. मी हौद्यात मागच्या अॅक्सलच्या वर वाळूची पोती टाकून ठेवली होती, त्यानं बराच फरक पडला. लिव्हर फोर-एलला, म्हणजे फोर-व्हीलच्या लो गिअरला, टाकली तर गाडी लो गिअरमध्ये चालते, फक्त मागच्या चाकांवर. गोठ्याच्या चढाला मी ते वापरलं, पण हलक्या पायानं, कारण चार चाकांत वाटायचा जोर मागच्या दोन अॅक्सल शाफ्टवर येतो. उताराला मात्र नको. इंजिनाची ओढ फक्त मागं लागते आणि चिखलात गाडीची शेपूट फिरते.

पार्किंगचंही बघा. हँडब्रेक मागच्या चाकांना. शाफ्ट असताना फोर-व्हील टाकून ठेवली की पुढची चाकंही धरली जातात, आता ती मोकळी असतात. नाक उताराकडं करून शेवाळलेल्या फरशीवर लावली तर मागची हलकी बाजू घसरू शकते. दगड लावाच. मोकळ्या फ्लँजला चिखल लागू नये म्हणून पिशवी, फडकं बांधू नका, डिफरन्शियलकडचा फ्लँज फिरतो आणि ते गुंडाळून बसतं. अधूनमधून खाली वाकून ऑईल सील पाझरत नाही ना तेवढं बघायचं. ॲव्हरेज वाढतं म्हणतात, मला तरी दिसलं नाही.

हे सगळं पार्ट-टाइम फोर-व्हीलचं, म्हणजे लिव्हर टाकली तरच चारही चाकांना जोर जातो त्या गाड्यांचं. जिप्सी, थार, व्ही-क्रॉस या जातीच्या गाड्या. पहिल्या पिढीची फॉर्च्युनर किंवा लँड रोव्हर डिफेंडर असेल तर तिला मधेही डिफरन्शियल असतं. शाफ्ट काढून तशीच रेस दिली तर सगळी ताकद मोकळ्या टोकाकडनं निघून जाते, इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. तिथं आधी मधलं डिफरन्शियल लॉक करावं लागतं.

बसवताना सरकता जोड पांढऱ्या खुणांवरच आणा. दोन्ही टोकांचे क्रॉस धरणारे कान एका रेषेत हवेत. एक खाच जरी चुकली तरी नव्या क्रॉसवर जुनीच थरथर परत येते. नट नवीन लॉकिंगचे घ्या, थोडी गाडी फिरवून पुन्हा आवळा, आणि ग्रीस सगळ्या टोप्यांतनं बाहेर दिसेपर्यंत मारा. नुसतं निपलच्या बाजूनं आलं म्हणजे भरलं असं नाही.