दही लागायला उशीर

मुंबईची थंडी आमच्या घरात सर्वांत आधी दह्यात उतरते. वर्तमानपत्रातला ‘पारा घसरला’ हा मथळा आणि सोसायटीच्या आवारात कानटोपी घालून फेऱ्या मारणारे गृहस्थ ही मंडळी नंतरची. ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी दुधाला विरजण लावले, की संध्याकाळच्या चहापर्यंत दही घट्ट होते आणि जरा दुर्लक्ष झाले तर आंबटही होते. तुळशीचे लग्न उरकले, की दूध तेच, विरजण तेच, पातेलेही तेच असूनही रात्री लावलेले दही सकाळी एका कडेला ओघळते. नातीला डब्यात दहीभात न्यायचा असतो, तिची बस खाली येऊन उभी राहिलेली असते आणि मी चमच्याने पातळ दही भातावर ओतत असते. पिशवीतले विकतचे दही फ्रिजमध्ये असते. सुनेने ते अशाच सकाळींसाठी आणून ठेवलेले आहे आणि तिचे काही चुकते असे मला वाटत नाही. तरीही त्या दिवशी रात्री मी दूध नेहमीपेक्षा किंचित जास्त कोमट ठेवते, विरजण अर्धा चमचा वाढवते आणि पातेले जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून गव्हाच्या डब्यात ठेवते. विरजणातल्या जिवाणूंना चाळीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते, हे मी पुढे अनेक वर्षे वर्गात शिकवले. सासूबाईंनी मात्र मला पहिल्याच वर्षी एवढेच सांगितले होते, की करंगळीला ऊब लागली पाहिजे, चटका नाही.

या दिवसांत मुंबईत ऋतू शोधायला घराबाहेर पडले, तर हाती फारसे लागत नाही. कार्तिक सरतो, शरद संपून हेमंत येतो, तरी रस्त्याकडेची झाडे हिरवीच असतात, कारण आपल्याकडची पानगळ व्हायची ती पुढे शिशिरात. नातवाला शाळेतून ऋतूंची चित्रे रंगवायला दिली होती. त्यात ‘ऑटम’ म्हणून एक निष्पर्ण होत चाललेले झाड होते आणि खाली पानांचा ढीग. तो रंगखडू हातात धरून बराच वेळ खिडकीतून खाली पाहत राहिला आणि म्हणाला, “आजी, आपलं झाड तर हिरवंच आहे, मग मी कोणता रंग देऊ?” मी त्याला सांगितले, की चौकटीतल्या झाडाला नारिंगी दे, गुण तिथेच मिळणार आहेत, पण कागदाच्या मागच्या बाजूला आपली सातवीण काढ. आमच्या फाटकाजवळची सातवीण याच सुमारास फुलते. तिचे हिरवट पांढरे गुच्छ दिवसा नजरेतही भरत नाहीत, पण अंधार पडला की तिचा जड, गोडसर वास जिन्यातून वरच्या मजल्यापर्यंत चढतो. निम्म्या इमारतीला त्या वासाने प्रसन्न वाटते आणि उरलेल्या निम्मीचे डोके दुखते. सोसायटीच्या बैठकीत झाड छाटण्याचा विषय दर वर्षी निघतो आणि निर्णय होईपर्यंत बहर ओसरलेला असतो.

बातम्यांत मुंबईचे म्हणून जे तापमान सांगतात ते कुलाबा आणि सांताक्रूझ येथील वेधशाळांचे. कुलाब्याला समुद्राचा वेढा असल्यामुळे तिथला पारा फारसा खाली येत नाही, सांताक्रूझचा येतो. सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये तो ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते, पण त्या वर्षी चाळीतल्या लोकांनी गॅलरीत शेगड्या पेटवून ठेवल्याचे आई पुढे कितीतरी वर्षे सांगत असे. आता नोव्हेंबरच्या अखेरीस रात्री २०-२१ अंश आणि दुपारी ३३ असा मामला असतो. त्याला थंडी म्हणावे का, असे पुण्याची माझी जाऊ फोनवर हसत विचारते. तिला काय सांगणार? मुलुंडला एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी आहे, आणि पहाटे जमिनीवरून खाडीकडे जाणारे वारे सुटले, की आमच्या मोरीतल्या फळीवरचे खोबरेल तेल थिजते. हे तेल २४ अंशांच्या खाली गेले की गोठू लागते, त्यामुळे या दिवसांत सकाळी बाटली पांढरीफटक असते, दहाच्या सुमारास तळाशी ढगासारखे काहीतरी उरते आणि दुपारी ती पुन्हा स्वच्छ होते. नात मोरीतूनच ओरडते, “आजी, तेल बसलं!” मग बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करायची, आणि तिच्या वेण्या घालेपर्यंत तेल हाताला लागेल इतपत सुटते. यापेक्षा नेमके तापमापक मला लागत नाही.

या दिवसांत संध्याकाळही लवकर होते. वर्षातला सर्वांत लहान दिवस डिसेंबरात येतो हे सर्वांना ठाऊक असते, पण मुंबईत सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, सहाच्या आसपास. डिसेंबरात सूर्यास्त पुन्हा हळूहळू पुढे सरकू लागलेला असतो आणि दिवस आखूड होतो तो सकाळच्या बाजूने. नातवाच्या दृष्टीने हा सरळ अन्याय आहे. जूनमध्ये सात वाजून गेले तरी चेंडू दिसत असतो आणि आता सव्वासहाला दिसेनासा होतो, तेव्हा “अजून सहाच वाजलेत” हा त्याचा युक्तिवाद घड्याळाच्या बाजूने खरा आणि चेंडूच्या बाजूने खोटा असतो. त्याला वर बोलावणे, हातपाय धुवायला लावणे, देवापाशी दिवा लावणे आणि कुकर चढवणे ही कामे एकमेकांच्या जवळ सरकतात. सून सातच्या पुढे गाडीतून उतरते, तोवर रात्र झाल्यासारखे वाटत असते, आणि पावसाळ्यात दाराशी येताच छत्री झटकणारी ती या दिवसांत दाराशी येताच विचारते, “आई, आवळे आणलेत का?”

कारण आवळ्याचा वास तिला लिफ्टमधून बाहेर पडताच आलेला असतो. आमच्याकडे मोरावळा थोडा होतो, पण खरी मागणी आवळासुपारीला. यजमान बाजारातून टपोरे, डाग नसलेले आवळे आणतात, आणि आणताना भाव चढल्याची तक्रारही बरोबर आणतात. आवळे धुऊन मोदकपात्रात वाफवायचे. सालीवर ज्या सहा फिकट रेषा असतात त्यांच्यावर वाफेने भेगा पडतात आणि बोटाने जरासे दाबले की बियांपासून सहा पाकळ्या अलग होऊन हातात येतात. एखादा आवळा कच्चा राहिला असेल तर तो बी सोडत नाही, त्याला पुन्हा वाफेत धाडावे लागते. या पाकळ्यांना मीठ, पादेलोण, आल्याचा रस, भरडलेले जिरे, ओवा आणि हिंग लावून त्या रात्रभर काचेच्या भांड्यात मुरू द्यायच्या आणि सकाळी ताटात एकेक सुटी मांडायची. उन्हात पहिल्या दिवशी त्या ओल्या आणि चकचकीत दिसतात, मग कडा आत वळू लागतात, पिवळसर रंग जाऊन तपकिरी येतो, आणि शेवटी त्या इतक्या काळपट व कडक होतात, की दाताखाली धरून आधी भिजू द्याव्या लागतात.

ऊन मात्र हवे तिथे हवे. आमची बैठकीची खिडकी दक्षिणेकडे उघडते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा त्या खिडकीतून उन्हाचा कवडसाही आत येत नाही; दक्षिणायनात तो खाली उतरला, की दुपारचे ऊन ग्रिल ओलांडून थेट सोफ्याच्या पायांपर्यंत पसरते. वाळवण मे महिन्यातच घालावे अशी आपली समजूत आहे, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आपली खिडकी कोणत्या दिशेला उघडते ते आधी पाहावे, असे माझे मत आहे.

अडचण येते ती धुळीची. शेजारची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. पावसाळ्यात समुद्रावरचा जोरकस वारा आणि पाऊस सगळे धुऊन नेतात, पण आता वारे मंद झालेले असतात, सकाळी जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकून पडते, आणि उडालेली धूळ तिथल्या तिथेच तरंगत राहते. बांधकामांच्या धुळीसाठी महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियमावली काढली. पत्रे उभारले जातात, हिरवी कापडे बांधली जातात आणि पाण्याचे फवारेही उडतात, तरीही संध्याकाळी ग्रिलवरून बोट फिरवले तर ते राखाडी होते. म्हणून आमची आवळासुपारी सासूबाईंच्या जुन्या वायलच्या पातळाखाली वाळते. पातळाची कड चारी बाजूंनी ताटाखाली दुमडायची, वर कपड्यांचे चिमटे लावायचे आणि रोज संध्याकाळी पातळ झटकायचे ते खिडकीबाहेर नव्हे, मोरीत. पहाटेचे फिरणेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी आठच्या पुढे ढकलले आहे. आवळ्यांना पातळ आणि मला उशीर, असा आमचा तोडगा आहे.

सुपारी पूर्ण वाळेपर्यंत ती ताटात टिकणे हा वेगळाच प्रश्न आहे. जाता-येता पातळाचा कोपरा उचलला जातो. नातवाच्या खिशात एक पाकळी सापडते, मुलगा फोनवर बोलता बोलता खिडकीशी जातो, आणि यजमान ‘नीट वाळली का पाहतो’ असे म्हणून रोज परीक्षा घेतात. ही गळती धरूनच मी आवळे जास्त आणायला सांगते.

तुळशीच्या लग्नाबद्दल लिहिण्यासारखे फार उरलेले नाही. पूर्वी ते दिवेलागणीला लागत असे. आता सर्वजण कामावरून परतल्याशिवाय अंतरपाट धरायला माणसे जमत नाहीत, म्हणून रात्री नवाच्या सुमारास लागते. उसाची कांडी, चिंचा, बोरे आणि आवळे यांनी कुंडी सजते आणि मंगलाष्टके मोबाइलवरून वाजतात. मला ते खटकत नाही. गुरुजींची वाट पाहत ताटकळण्यापेक्षा हे बरे.

त्याहून मला नातीचे बुचाचे वेड अधिक आवडते. शाळेच्या बसथांब्याशी बुचाचे उंच झाड आहे आणि या दिवसांत त्याखाली पांढऱ्या, लांब देठांच्या फुलांचा सडा पडतो. ती दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात मूठभर फुले आणते. या फुलांच्या वेणीला दोरा लागत नाही. देठच इतके लांब आणि लवचीक असतात, की एकाच्या देठाला दुसऱ्याचा वळसा देत तिपेडी घालत गेले की वेणी तयार होते. तिची बोटे माझ्यापेक्षा चपळ आहेत, पण ती देठ ओढून घट्ट करते आणि मग ते तुटतात. “सैल ठेव गं” एवढेच मी सांगते. वेणी तयार झाली की ती माझ्या अंबाड्यात खोचते, आणि स्वतःच्या केसांत मात्र घालत नाही, कारण दुसऱ्या दिवशी मैत्रिणी हसतात म्हणे.

रात्रीच्या जेवणाआधीचा वेळ शेंगांचा. मटार, तुरीच्या शेंगा, सुरती पापडी असे जे बाजारात येते त्याची पिशवी यजमान जमिनीवरच्या वर्तमानपत्रावर उपडी करतात आणि ज्याचे हात मोकळे असतील त्याने बसायचे. सोललेले मटारही मिळतात आणि सून ते गर्दीच्या आठवड्यात आणतेही. पण शेंगा असल्या की माझा मुलगा बोलतो. एरवी त्याच्याकडून ‘ठीक आहे’ यापलीकडे काही काढणे कठीण. मात्र हातात शेंग असली आणि नजर शेंगेवर असली, की साहेबाची बदली, गुडघ्याचे दुखणे, पुढच्या वर्षीची फी असे एकेक बाहेर येते. त्या वेळी मी मान वर करत नाही, प्रश्नही विचारत नाही. विचारले की तो उठतो. म्हणून या दिवसांत मटार मी थोडे अधिकच आणवते आणि उरलेले दाणे पिशव्या भरून बर्फाच्या कप्प्यात टाकते, जिथे ते होळीपर्यंत पुरतात.

आता मार्गशीर्ष तोंडावर आला आहे. गुरुवारच्या पूजेसाठी फुलांचे दर बुधवारपासूनच चढतात, तेव्हा सुनेने या वेळी मंगळवारीच फुले आणून ओल्या फडक्यात ठेवायचे ठरवले आहे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, आमच्याकडे वांग्याचे भरीत, बाजरीची भाकरी आणि कांद्याची पात असते. ज्यांचे कुलदैवत खंडोबा आहे त्यांच्यापैकी अनेक घरांत चातुर्मासात वर्ज्य केलेले कांदा-वांगे या दिवशी पुन्हा सुरू होते. आम्ही ते चार महिने काहीच पाळलेले नसते, भरीत मात्र चुकवत नाही, आणि यात काही विसंगती आहे असे घरात कुणाला वाटतही नाही. वांगी गॅसवर भाजताना गेल्या वर्षी धूर जिन्यात गेला आणि वॉचमन धावत वर आला होता. या वर्षी मी स्वयंपाकघराचे दार आधी लावून घेणार आहे आणि वॉचमनसाठी एक भाकरी जास्त थापणार आहे.