बुरनाप्पाची भांगलण

चांगली निगा राखलेला ड्राटहार, म्हणजे राठ केसांचा जर्मन शिकारी कुत्रा, आणि चार दिवस रानात भटकून आलेला ड्राटहार यांच्यात लांबून काही फरक दिसत नाही. जवळून दिसतो थोडा, पण जवळ येतंय कोण? खांद्यापर्यंत दोन फुटांहून जास्त उंची, तीस किलोच्या आसपास वजन, तपकिरी-करडा रंग, कपाळावर झुपकेदार भुवया आणि खाली ही दाढी. बेळगावच्या वडगाव भागातल्या आमच्या गल्लीत माणसं त्याला बघून आधी कडेला सरकतात आणि मग लांबूनच विचारतात, "कापत का न्हाई ओ ह्याला?"

कागदोपत्री नाव ब्रूनो. कॅम्पातल्या एका लष्करी साहेबांची बदली लांब ईशान्येकडे झाली आणि तो आमच्या गळ्यात पडला. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याचा बुरनाप्पा करून टाकला. आता साहेबांनी फोनवरून ब्रूनो म्हणून हाक मारली तर तो कानसुद्धा हलवत नाही.

या जातीत रूपाचा विचार कुणी केलेलाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या शिकाऱ्यांना सगळ्या कामांना एकच कुत्रा हवा होता. झुडपातला पक्षी हुडकायचा, पाण्यात पडलेलं बदक तोंडात धरून आणायचं, जखमी जनावराचा माग काढायचा, सगळं त्यानंच. 1902 मध्ये या जातीचा संघ निघाला. रंग कसा का असेना, केस मात्र काट्याकुट्यातून आणि गार पाण्यातून निभावणारे पाहिजेत, हा आग्रह. म्हणून वरचा केस राठ, दोन ते चार सेंटीमीटर लांब आणि अंगासरशी बसलेला. त्याखाली दाट, मऊ लव. वाळलेला चिखल आपोआप झडून पडतो. बोटांमध्ये पोहायला पडदे आहेत. आणि असा हा प्राणी आमच्या ओसरीवर वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोराची वाट बघत पडलेला असतो.

कापायचं का नाही, ते सांगते. मशीन फिरवलं की राठ केस मधेच तुटतो आणि त्याचं मेलेलं बूड कातडीत तसंच राहतं. मग अंगावर मऊ, फिकट केसांचाच भरणा होत जातो. चिखल त्याला चिकटतो, पाणी मुरतं, काटे आत शिरतात. त्यामुळे जून झालेले केस चिमटीत धरून, केसांच्या दिशेने, थोडे थोडे उपटायचे. तयार झालेला केस लगेच निघतो, त्याला दुखत नाही. बोटं घसरू नयेत म्हणून मी नोटा मोजणारे वापरतात तसली रबरी टोपणं बोटांना लावते. शेजारचे तात्या हे बघून हळहळले होते. "मुक्या जनावराला असं उपटालायसा? पाप लागतंय बघा."

येळ्ळूरहून कामाला येणाऱ्या मावशींनी मात्र एकदा नुसतं उभं राहून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही भांगलणच की वो! सरा, मी करतो." भाताच्या शेतात भांगलण, म्हणजे तण उपटण्यात, जन्म गेलेल्या त्या बोटांना कुठला केस ठेवायचा आणि कुठला काढायचा हे सांगावं लागलं नाही. पाठीवरून सुरुवात करून त्या ओळीनं खाली येतात. बुरनाप्पा डोळे मिटून पडतो. मी केलं तर दर दोन मिनिटांनी उठून पाणी प्यायला जातो, आणि तीच दाढी माझ्या साडीला पुसतो.

पाणी पिणं हा प्रकार लिहिण्यासारखाच आहे. दाढीत अर्धी वाटी पाणी सहज राहतं, आणि ते भांड्यापासून देवघरापर्यंत ठिबकत जातं. सासूबाई सोवळ्याच्या फार कडक. त्यांनी एकदा कडाडून भांडण केलं आणि मग स्वतःच एक जुनं लुगडं फाडून त्याच्यासाठी पुसणं केलं.

बेळगावची हवा त्याला मानवते. गाव साडेसातशे मीटर उंचावर, त्यामुळे आमच्या मार्च-एप्रिलचं ऊन वर्षभर नसतं. ते दोन महिने पहाटेच फिरवून आणायचं आणि दुपारी पंख्याखाली फरशीवर सोडून द्यायचं. पहिला वळीव आला की तो अंगणात जाऊन उभाच राहतो. खरी कसोटी पुढं. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगून भाताची शेतं पाण्याखाली जातात. शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि याला पोहायची हुक्की. ते पाणी गावाची घाण घेऊन आलेलं असतं, म्हणून साखळी सोडायची नाही आणि लेप्टोची, म्हणजे अशा घाण पाण्यातून होणाऱ्या रोगाची, लस चुकवायची नाही. लोंबते कान आतून ओले राहिले की वास मारायला लागतात, तेही रोज कोरडे करावे लागतात. गोचीड तर या लवेत अशी दडते की डोळ्यांनी सापडत नाही, बोटांनीच चाचपावी लागते. जेवण टाकलं आणि हिरड्या पांढुरक्या दिसल्या की गोचीडतापाची शंका घेऊन तडक दवाखाना. दिवाळीच्या सुमाराला गवत वाळलं की कुसळं. कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरलेलं एक कुसळ पू होईपर्यंत पत्ता लागू देत नाही.

खाण्याचं त्या मानानं सोपं. भात आणि कोंबडी, कांदा न घालता, दोन वेळांत विभागून. अशा खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडायची भीती असते, म्हणून जेवल्याबरोबर पळवायचं नाही. पाहुणे प्रेमानं शिऱ्यातले बेदाणे काढून देतात, त्यांचा हात धरावा लागतो. बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं जाऊ शकतात.

शिकारी कुत्रा म्हटल्यावर इकडं लोकांच्या डोळ्यांपुढं मुधोळच येतो. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला तो सडपातळ, तुळतुळीत धावपटू नजरेनं शिकार धरतो. 2005 मध्ये त्याचं टपाल तिकीटही निघालं. आमचा नाकाचा गडी. खानापूरकडचा एक नातेवाईक विचारत होता, "डुकराला सोडता काय?" 1972 च्या कायद्यानं शिकार बंद आहे हे त्याला सांगितलं. बुरनाप्पाला कोण सांगणार? तात्यांची कोंबडी दिसली की एक पाय उचलून, मान ताणून, शेपूट सरळ करून तो जागच्या जागी थिजतो. शिकाऱ्याला पक्षी दाखवायची ती रीत. पहिल्यांदा तात्या धावत आले होते. "वहिनी, कुत्र्याला वारं गेलंय बघा!"

अशा कुत्र्याला नुसतं फिरवून भागत नाही, काम लागतं. नाहीतर तो स्वतःच शोधतो. आमच्या ह्यांच्या कोल्हापुरी चपलांचा एकेक पाय त्यानं असाच मार्गी लावला. शेवटी तोडगा गल्लीतल्या पोरांनी काढला. त्यांचा क्रिकेटचा चेंडू पलीकडच्या उसात जायचा आणि तिथंच राहायचा. आता दारात येऊन ओरडतात, "काकू, बुरनाप्पाला सोडा की!" तो नाक खाली घालून शिरतो आणि चेंडू अलगद तोंडात धरून आणतो, दातांची खूणसुद्धा नसते. लाळ तेवढी पोरं चड्डीला पुसतात. अडचण एकच. तो यांचाच चेंडू आणतो असं नाही. उसाच्या त्या अंगाला अनगोळची पोरं खेळतात, आणि परवा त्यांचा कप्तान आमच्या दारात येऊन चार चेंडूंचा हिशेब मागत होता.