आधी ठेका, मग सोलो: बेळगावात जिप्सी स्विंग बँड उभा करताना

जिप्सी स्विंग म्हणजे पॅरिसमध्ये घडलेला, गिटार-व्हायोलिनवरचा जॅझ. बेळगावात त्यासाठी हात तयार असलेला व्हायोलिनवाला शोधायला फार हिंडावं लागत नाही. पेटीचं तर विचारूच नका. रामभाऊ विजापुरे यांनी इथे घडवलेली परंपरा अजून टिकून आहे. अडतं ते ठेक्यापाशी. सोलो वाजवणारे तिघे आणि ठेका धरणारा एकही नाही, अशी मंडळी जमली की पहिले दोन कार्यक्रम उत्साहात निघतात आणि तिसऱ्याला लय हातातून सुटते. म्हणून माणसं उलट्या क्रमाने गोळा करावीत: आधी ठेक्याचे दोन गिटारवाले, मग बास, मग व्हायोलिन, आणि लीड गिटार सगळ्यांत शेवटी.

मूळ घडणही तशीच आहे. १९३४ साली पॅरिसमध्ये 'क्विंटेट द्यू हॉट क्लब द फ्रान्स' उभं राहिलं. त्यात जँगो राइनहार्टची गिटार, स्तेफान ग्रापेलीचं व्हायोलिन, जोसेफ राइनहार्ट आणि रोजे शापू यांच्या ठेक्याच्या गिटारी आणि लुई व्होलाचा डबल बास. पाचही तंतुवाद्यं, ड्रम नाही. १९२८ च्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी निकामी झाली आणि पुढे तो दोन बोटांवर सोलो वाजवत राहिला, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या मागे दोघे जण संध्याकाळभर न थकता ठेका धरून होते, त्यांची आठवण कुणी काढत नाही.

या ठेक्याला 'ला पोंप' म्हणतात. एका मात्रागटात चार ठोके. पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, फक्त जाड तारांवरून हलकेच उतरते. दुसऱ्या आणि चौथ्याला ती सगळ्या तारांवरून झटक्यात जाते आणि त्याच क्षणी डाव्या हाताचा दाब निघतो. बोटं तारांवरून उचलायची नाहीत, नुसती सैल करायची. उचलली की मोकळ्या तारा बोलतात. दुसरा-चौथा ठोका आखूड हवा, जोरकस नव्हे. नवशिके तिथे हात आपटतात आणि सगळं पोल्कासारखं वाजायला लागतं.

सुरुवात मिनिटाला १२० ठोक्यांवर करावी. कार्यक्रमात लय २०० च्या पुढे सहज जाते आणि तिथे मनगट आखडतं. कारण बहुधा पिक असते. पातळ पिक तारेवर वाकते, मग हात जोर लावतो, जोर लावला की कोपर धरतं. तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड पिक सैल धरली की निम्मं दुखणं जातं. दुगुनीचे, म्हणजे एका ठोक्यातले, दोन स्वर संथ लयीत साधारण दोनास एक या प्रमाणात लचकतात (पहिला लांब, दुसरा आखूड), पण लय चढते तसे ते जवळजवळ सारखे होत जातात. द्रुत गतीतही मुद्दाम लचक घातली तर वादन लंगडतं.

दोन्ही ठेकेवाल्यांनी कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांचे, आकार आधी ठरवून घ्यावेत. ए मायनर सिक्थसाठी सहाव्या तारेवर पाचवा पडदा, चौथीवर चौथा, तिसरी आणि दुसरीवर पाचवा. पाचवी आणि पहिली बंद. तारा चारच वाजतात, तेवढ्या पुरतात. एकाने हा आकार आणि दुसऱ्याने मोकळ्या तारांचा साधा ए मायनर धरला, तर ठोका आखूड होतच नाही.

तबला-ढोलकी घ्यावी का, हा प्रश्न आपल्याकडे येणारच. पहिलं वर्षभर तरी नको. डग्ग्याची घुमक नेमकी बासच्या जागेवर बसते. शिवाय केरव्याची सम आणि काल धरलेल्या माणसाचा हात पहिल्या-तिसऱ्या ठोक्याला पडतो, तर इथे टाळी दुसऱ्या-चौथ्याला आहे. तबलजीला घ्यायचंच असेल तर आधी महिनाभर त्याला नुसती टाळी द्यायला बसवा.

वाद्यांचं थोडक्यात. या शैलीची गिटार म्हणजे मारिओ माकाफेर्रीच्या आराखड्यावर १९३२ पासून निघालेली सेल्मर. तिच्या पुढच्या नमुन्यांत तारेची बोलती लांबी ६७० मिलिमीटर. ती मिळाली नाही तर साधी स्टील तारांची गिटार चालते, पण तिचा नाद फार लांबतो. चांदीचा मुलामा दिलेल्या ११ नंबरच्या तारा लावाव्यात आणि बाराव्या पडद्याशी तार तीनेक मिलिमीटर उंच ठेवावी. घोडीचं काम मिरजेच्या कारागिराकडून करून घेत असाल तर जवारी नको हे बजावून सांगा. सतारीच्या सवयीने माथा सपाट झाला की तार झणझणणारच. डबल बास पाऊणमापी पुरतो. तो नसेल तर अकूस्टिक बास गिटारच्या तारांखाली घोडीजवळ स्पंजाची पट्टी सरकवावी आणि पहिल्या-तिसऱ्या ठोक्याला कॉर्डचा सा आणि प एवढंच वाजवावं.

आता सुरांचं, जिथे आपल्या शास्त्रीय वादकांची खरी गंमत होते. मायनरमधलं गाणं आलं की व्हायोलिनवाला हमखास कीरवाणी धरतो, आणि ते बव्हंशी बरोबरही असतं. घोटाळा धैवताचा. सा पांढरी सहावर धरा. घरची कॉर्ड, जिथे गाणं परत येतं ती, ए मायनर सिक्थ, म्हणजे सा, कोमल ग, प आणि शुद्ध ध. तिच्यावर कीरवाणीचा कोमल ध लांबवला की दोन धैवत एकमेकांना घासतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं गिटार उतरली. डी मायनर आली की मात्र तोच कोमल ध कॉर्डच्या आत बसतो. ई सेव्हनवर तो तिखट लागतो आणि हवाही असतो. थोडक्यात, घरी पटदीपचे स्वर, घराबाहेर कीरवाणीचे. एवढं एकदा कानात बसलं की शास्त्रीय बैठकीचा वादक पाठ करून वाजवणाऱ्या जॅझवाल्यापेक्षा पुढे निघतो, कारण विस्तार कसा करायचा हे त्याला शिकवावं लागत नाही. आवरायला मात्र शिकवावं लागतं. जुन्या ७८ गतीच्या तबकडीची बाजू तीनेक मिनिटांची असे, त्यामुळे सोलो एका आवर्तनात आटपत. ते माप आजही चांगलं आहे.

पाश्चात्त्य व्हायोलिन जी-डी-ए-ई असं मिळवतात, आपल्याकडे बरेच जण प-सा-प-सा. तारा बदलायला वादक नाखूश असेल तर पहिली काही गाणी डी मायनरमध्ये, म्हणजे पांढरी दोनमध्ये बसवा. पाश्चात्त्य जुळणीतली सगळ्यांत जाड तार एक स्वर चढवून आणि सगळ्यांत बारीक एक स्वर उतरवून प-सा-प-सा तयार होतं. गज मात्र मधल्या आणि वरच्या भागातच, आखूड. मींड चवीपुरती.

अकॉर्डियनच्या जागी पेटी चालते, पण तिचा एक हात भात्यात अडकलेला, म्हणून कॉर्ड तीन स्वरांचीच. पेटीचे सूर मंचावर बदलता येत नाहीत. तालमीआधी ट्यूनरवर तिची पांढरी सहा तपासा आणि ती जिथे असेल तिथे गिटारी, बास, व्हायोलिन सगळे मिळवा. सोबत क्लॅरिनेटही असेल तर तिचाही सूर फारसा हलत नाही, म्हणून दोघांपैकी एकाला घरी ठेवावं लागण्याची शक्यता बरीच.

कार्यक्रम कॅबरेच्या धाटणीचा बांधावा. कॅबरे म्हणजे गाणं, थोडी नक्कल, थोडं निवेदन, समोर टेबलं. बेळगावात निवेदक मराठी आणि कानडी दोन्हींत चटपटीत हवा. सोंगाड्याची जीभ असलेला मिळाला तर सोनंच. चाळीस मिनिटांचे दोन भाग, सुरुवातीला दोन नुसत्या वाजवायच्या चीजा, मग गायिका. दुसरा भाग चाळीसऐवजी पस्तीसचाच बांधा. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या या जिल्ह्यात वन्समोअर येतोच, आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो.

बंदिस्त सभागृहात एकच कंडेन्सर माइक पुरतो: व्हायोलिन आणि गायिका जवळ, ठेक्याच्या गिटारी मीटरभर मागे. मंडपात मात्र पंखे आणि जनरेटर सगळं गिळतात, तिथे प्रत्येकाला वेगळा माइक.

पहिल्या सुपाऱ्या लग्नाच्या स्वागत समारंभांच्या येतात. तिथे लोक जेवत असतात, ऐकत नसतात. ठेका पक्का करायला याहून बरी जागा नाही. बिदागीचे माणसांपेक्षा एक वाटा जास्त करावा, जास्तीचा तारा आणि गाडीभाड्यासाठी. नाहीतर बास कोणाच्या गाडीतून न्यायचा यावरून भांडणं होतात. पुढची पायरी गोव्याचा हंगाम. चोर्ला घाट उतरला की दमट हवेने गिटारचा पत्रा, म्हणजे वरची लाकडी फळी, फुगतो आणि तारा उंच होतात. पोचल्या पोचल्या घोडी घासायला घेऊ नका. परत वर आलात की पत्रा बसतो आणि घासलेली घोडी बुटकी पडते. दोन उंचीच्या दोन घोड्या गिटारच्या खोक्यात ठेवाव्यात.