वेताळ परत भेटला

परवा माळ्यावरच्या पेटीत जुनी इंद्रजाल कॉमिक्स सापडली, वाळवीने कडा खाल्लेल्या, आणि साफसफाई राहिली बाजूला. त्यातला फँटम, म्हणजे आपला वेताळ, जंगलात राहणारा मुखवटेवाला नायक. अमेरिकन लेखक ली फॉकने तो १९३६ मध्ये वर्तमानपत्रातल्या चित्रकथेसाठी सुरू केला, आणि त्याच्या गोष्टी आपल्याकडे छापणारं इंद्रजाल आलं १९६४ ला. लहानपणी मी फक्त गोष्ट वाचायचो, कवटीची अंगठी कोणाच्या हनुवटीवर उमटणार एवढंच बघायचं, चित्रं कोण काढतं याचा विचार कोण करतो! आता नीट बघितलं तर विल्सन मॅकॉयने काढलेला वेताळ जरा साधा, लाकडी वाटतो (मला तरी), पण साय बॅरीने साठच्या दशकात हातात घेतल्यावर काय जंगल उभं केलंय यार, नुसत्या काळ्या शाईच्या सावल्या. आणि मुखपृष्ठं? ती बऱ्याचदा आपल्या गोविंद ब्राह्मणियांची, इंद्रजालमधल्याच देशी नायकाची, बहादूरची, चित्रंपण त्यांचीच. हे मला इतक्या वर्षांनी कळलं, लाजच वाटली. गंमत म्हणजे फॉकच्या डोक्यात वेताळाचा पोशाख करडा होता म्हणे, १९३९ च्या रविवारच्या रंगीत पानात तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला. बायको खालून विचारतेय पेटी रद्दीत द्यायची का