एका कपाची किंमत

"काऊन बाप्पा, एका कपाले अडीच हजार? कोन घेते?" नागपूरहून आजीचा व्हिडिओ कॉल होता आणि माझ्या हातात नुकताच भट्टीतून काढलेला निळा कप.

मी आणि माझी अकोल्याची वर्गमैत्रीण, दोघी मिळून इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये मातीची भांडी करतो. या भागाला लोक पॉटरीज म्हणूनच ओळखतात. जोसाया वेजवुडने १७५९ साली स्वतःचा धंदा काढला तो इथल्याच बर्सलममध्ये. बाटलीच्या आकाराच्या जुन्या विटांच्या भट्ट्या अजूनही घरांमधून डोकं वर काढून उभ्या दिसतात. शिकत असताना स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही. शिक्षण संपल्यावर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा हातात पडला, तेव्हाच आम्ही पहिला कप विकला. इकडे येणाऱ्या मुलामुलींनी हे आधीच लक्षात ठेवा.

पहिल्या बाजारात कप ८ पाउंडला लावला. दुपारपर्यंत सगळे संपले, आम्ही खूश! रात्री वही काढली. माती, ग्लेझ (कपावरचा काचेसारखा लेप), वीज, स्टॉलचं भाडं, फुटलेले कप. हे सगळं वजा केल्यावर आमच्या मजुरीला काहीच उरत नव्हतं.

आणि मजुरी किती असते! साडेबारा किलो मातीत साधारण तीस कप होतात. माती मळायची, चाकावर कप काढायचा, दुसऱ्या दिवशी बूड तासून कान जोडायचा. मग वाळवण. त्यानंतर हजार अंशांवर पहिली भाजणी, ग्लेझमध्ये बुडवून १२४० वर दुसरी. चाकावर दहा सेंटीमीटर असलेला कप शेवटी पावणेनऊच्या आसपास भरतो, म्हणून तो आधीच मोठा करावा लागतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते वाळवणाने. आपल्याकडे मे महिन्यात ओली वस्तू बघता बघता सुकते. इथे नोव्हेंबरात आठवडा झाला तरी कप ओलाच. ऑर्डरची तारीख जवळ आली होती, म्हणून मी कप हीटरजवळ ठेवले. वरून कोरडे दिसत होते. भट्टीत चढवले आणि आतल्या ओलाव्याची वाफ झाली. सकाळी झाकण उघडलं तर अकरा कपांच्या ठिकऱ्या, शेजारच्या वाट्यांमध्येही तुकडे पडलेले. मी तिथेच बसून रडले.

तेव्हा नागपूरची चितारओळी, मूर्तिकारांची वस्ती, आठवली. लहानपणी गणपती बघायला जायचो, तेव्हा भर पावसाळ्यात एक मूर्तिकार काका मूर्तीच्या पाठीवर तळहात टेकवून बराच वेळ थांबायचे. ते काय बघत होते हे मला इथे कळलं. आता मी प्रत्येक कप गालाला लावते. गार लागला की आत ओल आहे, पुन्हा फळीवर. ग्राहकाला चार दिवस उशीर होईल असं सरळ कळवते. आजवर एकानेही ऑर्डर रद्द केलेली नाही.

आता कप २२ पाउंडला आहे. कमी विकले जातात, पण दोघींची मजुरी निघते. या किमतीची मला लाज वाटत नाही.

आजीला हे सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात आपन त्या माठवाल्यासंगं किती घासाघीस केली वं."

दीडशेचा माठ आम्ही सव्वाशेला आणला होता.