दुसरा गिअर घसरतोय, पण गिअरबॉक्स खोलू नका: पॉवर कारच्या कामाची नोंद

या टप्प्यात तीन कामं झाली: दुसऱ्या सेटचा (इंजिन आणि त्याला जोडलेला गिअरबॉक्स मिळून एक सेट) घसरणारा गिअर, फायनल ड्राइव्हची तपासणी आणि व्हॅक्यूमची गळती. बॉडीचं काम पत्रा उघडून थांबलंय, कारण शेवटी दिलंय.

गाडी म्हणजे ब्रिटिश रेल्वेच्या पहिल्या पिढीच्या डिझेल मल्टिपल युनिटमधली पॉवर कार (इंजिन बसवलेला प्रवासी डबा), ब्लू स्क्वेअर कोडची, म्हणजे त्याच खुणेच्या गाड्यांना जोडून चालणारी. फ्लोअरखाली दोन आडवी लेलँड ६८० इंजिनं, प्रत्येकी १५० अश्वशक्ती. इंजिनाला लागून फ्लुइड फ्लायव्हील (तेलातून ओढ पुढे देणारा जोड), मग फ्रीव्हील (एकाच दिशेला पकडणारा जोड), कार्डन शाफ्ट, चार गतींचा विल्सन एपिसायक्लिक गिअरबॉक्स, पुन्हा कार्डन शाफ्ट आणि बोगीच्या आतल्या अ‍ॅक्सलवर फायनल ड्राइव्ह. गाडी पुढे जायची की मागे, हे फायनल ड्राइव्हमधला डॉग क्लच (दातात दात अडकणारा क्लच) ठरवतो. थ्रॉटल, गिअर, दिशा सगळं हवेवर चालतं आणि ती हवा सोडणारे ईपी (इलेक्ट्रो-न्यूमॅटिक, विजेने उघडणारे) व्हॉल्व्ह २४ व्होल्टवर. दोन्ही सेट एकमेकांपासून स्वतंत्र. ही गोष्ट पुढे फार कामी आली.

लक्षण असं होतं. पहिल्यातून दुसऱ्यात टाकून थ्रॉटल दिला की दुसऱ्या इंजिनाचे आरपीएम नुसतेच चढत, ओढ येत नसे. तिसरा आणि चौथा ठणठणीत. पहिला सेट गाडी ओढत राहतो, त्यामुळे डब्यात बसलेल्याला काही जाणवत नाही. कॅबमधला काटा बघणाऱ्यालाच कळतं.

इथे पहिला संशय नेहमी ब्रेक बँडवर, म्हणजे गिअरच्या ड्रमला आवळून धरणाऱ्या पट्ट्यावर जातो, आणि गिअरबॉक्स उतरवायची घाई होते. आधी जरा विचार करावा. फ्लुइड फ्लायव्हीलमध्ये तेल कमी असेल, तर घसरण सगळ्या गिअरमध्ये दिसेल आणि लोड वाढला की वाढेल. मेन हवाच कमी असेल, तरीही सगळेच गिअर कुरकुर करतील. एकच गिअर घसरत असेल तर दोष त्या गिअरच्या साखळीत: बँड, त्याचा पिस्टन, त्याची हवेची नळी, त्याचा ईपी व्हॉल्व्ह किंवा त्या व्हॉल्व्हची वायर. यातली शेवटची तीन ठिकाणं खाली पिटमध्ये उभं राहून हाताला येतात. गिअरबॉक्स उतरवायचा तर दोन्ही कार्डन शाफ्ट सोडा, जॅक लावा, नळ्या काढा. क्रम कुठून सुरू करायचा हे उघड आहे.

चाचणी इंजिन बंद ठेवूनच करा. चाकांना अडकण लावा, हँडब्रेक घट्ट करा, हवेची टाकी भरलेली ठेवा. दुसऱ्या गिअरच्या सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीत टी-जोड घालून प्रेशर गेज बसवला. कॅबमधून दुसरा गिअर निवडल्यावर गेजवरचा आकडा पहिल्या सेटच्या त्याच जागेपेक्षा २० पीएसआयने कमी. व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून बारीक सूं असा आवाज सतत चालू. मग व्हॉल्व्हच्या डोक्यावरचं बटण अंगठ्याने दाबलं: प्रेशर लगेच पूर्ण, आवाज बंद.

म्हणजे हवा, नळी, पिस्टन आणि व्हॉल्व्हची सीट चारही निर्दोष. कॉइल स्पिंडलला पूर्ण ढकलत नव्हती. असा व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो तेव्हा इनलेट पुरता उघडत नाही आणि एक्झॉस्ट पुरता मिटत नाही. आलेली हवा तिथल्या तिथे निसटते, बँड ड्रमला पकडतो पण ढिला.

कॉइलवर मल्टिमीटर लावताना एक फसगत हमखास होते. वायर काढून, मोकळ्या टोकाला मीटर लावला तर पूर्ण २४ व्होल्ट दिसतात, कारण करंटच वाहत नसतो. वायर जागेवर ठेवून, गिअर निवडलेला असतानाच मोजायचं. बॅटरीवर २४.४, कॉइलच्या दोन टोकांत १७.९. मग तुटीचा हिशेब: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलपर्यंत ०.४, ठीक. कॉइलच्या दुसऱ्या टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ६.१. साडेसहा व्होल्टपैकी जवळजवळ सगळे परतीच्या वायरमध्ये मुरत होते.

जंक्शन बॉक्समध्ये परतीच्या बोल्टवर प्रत्येक कॉइलची वेगळी वायर येते. दुसऱ्या गिअरच्या वायरची रिंग वरून चकचकीत, बोल्टही घट्ट. स्लीव्ह मागे सरकवली तेव्हा क्रिंपच्या आत हिरवी पूड आणि तांब्याच्या तारांपैकी निम्म्याहून जास्त काळ्या पडून तुटलेल्या. बॉक्सच्या झाकणाचं गॅस्केट गेलेलं होतं, पाणी वायरवरून ओघळत नेमकं स्लीव्हमध्ये साठत होतं. म्हणून जंक्शन बॉक्स तपासताना नुसता बोल्ट आवळून पुढे जाऊ नका. स्लीव्ह सरकवा, वायर हलकेच ओढून बघा.

दुरुस्ती साधी. स्वच्छ तांबं लागेपर्यंत वायर कापली, कमी पडली तेवढा कलई केलेल्या तारेचा तुकडा जोडला, योग्य मापाच्या डायने रिंग क्रिंप केली, चिकट अस्तर असलेली हीटश्रिंक चढवली. बोल्टवर नवा स्प्रिंग वायसर, वरून पेट्रोलियम जेली. झाकणाला नवं गॅस्केट, आणि वायर बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली झोल, म्हणजे थेंब बाहेरच गळतो. आता कॉइलवर २३.८. शेजारच्या तिन्ही रिंगाही त्याच वेळी बदलल्या, त्याच पाण्यात भिजलेल्या होत्या.

बँडचं काय? ढिला पकडला की लायनिंग तापून चकाकते. तपासणी-झाकण काढून टॉर्चने पाहिलं: दुसऱ्याच्या लायनिंगवर हलकी चकाकी, ड्रमवर निळी झाक नाही. निळी झाक असती तर बॉक्स उतरवावाच लागला असता. तेल मात्र जळकट वासाचं होतं, ते बदललं आणि गाळणी धुतली. पूर्ण हवेवर दुसरा गिअर लावायचा-सोडायचा, पिस्टनचा स्ट्रोक स्थिर होईपर्यंत. विल्सन बॉक्समधला अ‍ॅडजस्टर प्रत्येक वेळी थोडाथोडा सरकून झीज भरून काढतो, त्याला तेवढी संधी द्यावी लागते. स्ट्रोक कमी होतच नसेल तर अ‍ॅडजस्टर संपला असं समजा.

खाली गेलोच होतो म्हणून फ्रीव्हीलही पाहिलं. इंजिन बंद असताना कार्डन शाफ्ट हाताने फिरवायचा: एका दिशेला सैल फिरला पाहिजे, दुसऱ्या दिशेला फ्रीव्हीलने पकडून जड लागला पाहिजे. दोन्हीकडे सैल म्हणजे ओढ नाही, दोन्हीकडे जड म्हणजे फ्रीव्हील जाम.

फायनल ड्राइव्हची तपासणी वेळखाऊ नाही, पण ती टाळणं महागात पडतं. समजा कॅबमधला रिव्हर्सर (दिशा निवडणारा दांडा) पुढे टाकला आणि एका बोगीचा डॉग क्लच मागेच राहिला. गाडी उरलेल्या सेटवर पुढे निघते, चाकं मागे राहिलेल्या फायनल ड्राइव्हला फिरवतात आणि त्याचा गिअरबॉक्स आउटपुटकडून उलटा फिरू लागतो. उलट्या दिशेला फ्रीव्हील अडकतं, आणि फ्लायव्हीलला इंजिन एकीकडे, चाकं दुसरीकडे फिरवायला बघतात. पुढे गिअरबॉक्स किंवा शाफ्ट, जे आधी हार मानेल ते जातं. त्यामुळे कॅबमधल्या दिव्यावर विसंबू नये. एकाने रिव्हर्सर हलवायचा, दुसऱ्याने खाली लिव्हरचा पूर्ण प्रवास डोळ्यांनी बघायचा, दोन्ही दिशांना, दोन्ही बोगींवर. दाताला दात अडला तर रिव्हर्सर उलट टाकून परत आणायचा. लिव्हरला पहार लावायची नाही. बंद गाडी ओढून न्यायची असेल तेव्हा दोन्ही फायनल ड्राइव्ह मधल्या स्थितीत आणून पिनने अडकवा.

व्हॅक्यूम. गाडीचे ब्रेक त्यावर चालतात. ट्रेन पाइपमध्ये (गाडीभर जाणाऱ्या ब्रेकच्या नळीत) २१ इंच, म्हणजे पाऱ्याचे सुमारे ५३ सेंटिमीटर, एवढा व्हॅक्यूम तयार होतो. एग्झॉस्टर (हवा ओढून घेणारा पंप) बंद केल्यावर काटा पहिल्या सेटच्या बाजूने लवकर पडत होता. इथे साबणाचं पाणी निरुपयोगी: हवा बाहेर येत नाही, आत ओढली जाते, फेस धरतच नाही. कानाला लावलेली रबरी नळी हेच हत्यार. दुसरं टोक जोडांवरून हळूहळू फिरवायचं, आजूबाजूचा कॉम्प्रेसर बंद ठेवून. सापडलं ते असं: टोकाच्या होजपाइपचं रबर वॉशर कडक झालेलं, आणि ड्रिप ट्रॅपच्या (नळीतलं पाणी साठवणाऱ्या भांड्याच्या) गॅस्केटला चीर. दोन्ही नवे.

एका ब्रेक सिलिंडरचा पिस्टन सुटायला उशीर करत होता. उघडल्यावर रोलिंग रिंगला (पिस्टनभोवती लोळणाऱ्या रबरी रिंगला) पीळ. नवी बसवताना तेल-ग्रीस अजिबात नको, खनिज तेलाने रबर फुगतं. रिंग कोरडी, स्वच्छ. बसवण्याआधी तिच्या बाहेरच्या कडेवर खडूने सरळ रेघ मारा आणि पिस्टन एकदा वरखाली करून पुन्हा बघा. रेघ जिन्यासारखी वळली असेल तर काढून परत बसवा.

आता बॉडी. कॅबच्या खिडकीखालचा पत्रा उघडला तेव्हा आत करड्या-निळसर धाग्यांचा फवारलेला थर दिसला. या पिढीतल्या बऱ्याच गाड्यांमध्ये उष्णतारोधक म्हणून निळं अ‍ॅस्बेस्टॉस फवारलेलं असे. ब्रिटनमध्ये निळ्या आणि तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉसवर १९८५ मध्ये बंदी आली, पांढऱ्यावर १९९९ मध्ये. फवारलेला थर काढायला तिथे परवानाधारक ठेकेदार लागतो. मास्क लावून, पाणी मारून स्वतः खरवडणं हा पर्याय नाही. उघडं ठिकाण टेपने व जाड प्लास्टिकने बंद केलंय, नमुना घेणं आणि काढणं दोन्ही परवानाधारकाकडे. रंग हिरवा की रेल ब्लू, ही चर्चा तोवर निवांत चालू द्या.

सुट्या भागांबद्दल: लेलँड ६८० चं आडवं रूप लेपर्ड बसमध्येही होतं, त्यामुळे गॅस्केट, इंजेक्टरचे भाग बसवाल्यांकडे विचारावेत. ईपी व्हॉल्व्हची रबरं मात्र नायट्राइलमध्येच (तेलाला टिकणाऱ्या रबरात) घ्या, कॉम्प्रेसरमधून तेल पुढे येतंच. हवेच्या टाक्यांचं पाणी रोज काढा. काढलेलं पाणी दुधाळ दिसलं तर कॉम्प्रेसर तेल टाकतोय.

पुढचं काम: पहिल्या सेटचे जंक्शन बॉक्स उघडून त्यांच्या परतीच्या वायरींवर लोडखाली हीच मोजणी.