तिसाव्या दिवसाचा फोन

ऑपरेशनच्या जखमेत पू होतो तो बहुतेकदा पेशंट घरी गेल्यावर. वॉर्डातली सुकी जखम पाहून संसर्गाचं ऑडिट केलं तर आकडा उगाच कमी येतो. म्हणून 30 दिवसांनी फोन करायचा. हर्नियाची जाळी बसवली असेल तर 90 दिवसांनीही.

त्या दिवशी सातव्या फोनवर इंटर्नने विचारलं, "गर्भपिशवी काढली होती ना, टाके कसे आहेत?" फोनवर दीर होता. घरात 'पोटात गाठ होती' एवढंच सांगितलेलं. अर्ध्या तासाने त्या बाईंचा फोन आला. मी माफी मागितली. दुसरं काय करणार?

चूक एकट्या इंटर्नची नव्हती. केसपेपरवरचा नंबर नोंदणीच्या खिडकीवर सोबत आलेल्या माणसाने दिलेला. संमतीपत्र भूल आणि ऑपरेशनपुरतं; नंतर फोन करू, हे त्यात कुठेच नाही. आता डिस्चार्जच्या वेळी सिस्टर पेशंटला एकटीला गाठून विचारतात: कुठल्या नंबरवर, किती वाजता, आणि तुमच्याशिवाय कोणाशी बोललं तर चालेल? 'नको' म्हटलं तरी ड्रेसिंगला यायचंच, उपचारात फरक नाही, हेही सांगतात. फोनवर आधी पेशंटचं नाव विचारायचं, गाव-वय त्यांच्याच तोंडून घ्यायचं. दुसऱ्या कोणी उचलला तर "नंतर करते" म्हणून ठेवायचा. वॉर्डाचं नाव काढायचं नाही. फोन न लागलेल्यांसमोर 'संपर्क नाही' लिहायचं. तिथे 'संसर्ग नाही' लिहिण्याचा मोह फार होतो, आणि सगळं ऑडिट तिथेच फसतं.

संध्याकाळी ऑडिटची एक्सेल फाइलही तपासली. नावाचा रकाना काढलेला, पण गाव, वय, ऑपरेशनची तारीख तशीच. लहान गावात तेवढ्यावर माणूस ओळखू येतो. तारखेऐवजी 'कितवा दिवस', वयाऐवजी दहा-दहा वर्षांचे गट केले, गाव उडवलं. ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टरातून एचआयव्हीचा रकानाही जसाच्या तसा उतरला होता. जखमेच्या या ऑडिटला तो लागतच नव्हता. 2017च्या एचआयव्ही कायद्याने अशी माहिती जपणं बंधनकारक आहे. आयपीडी नंबरऐवजी (भरती झालेल्या पेशंटचा नोंदणी क्रमांक) कोड दिले. कोणता कोड कोणाचा, ती वही इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात.

मीटिंगसाठी केलेल्या दुसऱ्या फाइलमध्ये तर फक्त पिव्होट टेबल (मूळ यादीवरून एक्सेलने केलेला बेरजांचा तक्ता) होतं, मूळ शीट डिलीट केलेली. सहज एकूण बेरजेवर डबल क्लिक केलं. नव्या शीटवर सगळ्या पेशंटची नावं हजर.

ही फाइल आदल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवरून तिघांना गेली होती. तिघांनाही फोन करून ती डिलीट करायला लावली. आता बाहेर जाते ती फक्त सीएसव्ही, म्हणजे दिसतो तेवढाच मजकूर असलेली साधी फाइल.